कट्ट्यावरचा वाद नेमका कुठं घसरतो?

नमस्कार मंडळी!

"अलमट्टीमुळंच कोल्हापूर बुडतंय."
"न्हाई, नदीकाठच्या बांधकामांमुळं बुडतंय."

पावसाळ्यात रंकाळ्याच्या कुठल्याही कट्ट्यावर बसा, या दोन वाक्यांवर तासभर जातो. चहा दोनदा होतो. शेवटी पुराचं काहीच ठरत नाही, पण कोण कुणाचा माणूस ते मात्र पक्कं ठरलेलं असतं. आज याच वादाची चिरफाड करू.

सुरुवात 'हे नाहीतर ते' पासून. समोर दोनच पर्याय ठेवायचे आणि म्हणायचं, बोल, कुठला? आता पंचगंगा बघा. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी, सगळ्यांच्या पाणलोटात एकदमच धो धो कोसळतो. राधानगरी धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडतात. तिकडं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि कृष्णाच तुडुंब असली की आपलं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. वर पूररेषेतली बांधकामं, भराव. आणि खाली कर्नाटकात कृष्णेवरचं अलमट्टी धरण. यातल्या कशाचा वाटा किती, हे आकडे घेऊन भांडायचं काम आहे, आणि ते जरूर भांडावं. पण 'अलमट्टी की बांधकामं' असं विचारलं, की पाऊससुद्धा वादातनं बाहेर पडतो. पुराच्या चर्चेत पाऊसच नाही!

मग कुणीतरी हळूच म्हणतं, "तू असंच बोलणार. तुझा प्लॉट हाय न्हवं नदीकडंला?"

हा माणसावरचा हल्ला. प्लॉट असेल तर त्याचं बोलणं दोनदा तपासा, माझी काहीच हरकत नाही. मीही तपासेन. पण तपासणं वेगळं आणि उडवून लावणं वेगळं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा पातळी, 43 फुटाला धोका पातळी. पाणी 43 वर गेलंय हे प्लॉटवाल्यानं सांगितलं तरी ते 43 वरच असतं.

आता माझा सगळ्यात आवडता नमुना.

(स्क्रीनवर: 2005 – 2019)

2005 ला महापूर. 2019 ला महापूर. मधे 14 वर्षं. "म्हणजे भावा, दर 14 वर्षांनी येतोय. आता 2033 पर्यंत निवांत झोप."

(स्क्रीनवर: 2021)

जुलै 2021. पुन्हा महापूर, पुन्हा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेवर पाणी, पुन्हा वाहतूक बंद. दोन ठिपक्यांतनं पाहिजे तशी रेघ ओढता येते. ती रेघ खरी की आपण ओढली म्हणून दिसते, हे तिसरा ठिपका आल्यावर कळतं. थोड्या पुराव्यावर मोठा नियम बांधायची ही घाई. पुराच्या बाबतीत ती महागात पडते, कारण निवांत झोपलेला माणूस तळमजल्यावरचं सामान वर नेत नाही.

याचाच भाऊ म्हणजे 'नवीन पूल झाला आणि पूर आला'. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. अर्थात भरावानं खरंच पाणी अडत असेलही! पण पूल व्हायच्या आधी एवढ्याच पावसाला पाणी कुठवर यायचं, हे कुणी सांगितलं तरच तो मुद्दा. नुसतं आधी-नंतर पुरत नाही.

आता पाण्यातनं बाहेर येऊ. हेल्मेट.

"दाजी, हेल्मेट घालत जा की."
"म्हणजे मला गाडी येत न्हाई म्हणतोस?"

असं कुणीच म्हटलेलं नाही. समोरच्याचं म्हणणं वाकडं करायचं आणि त्या वाकड्यालाच झोडायचं. मग दाजींचा हुकमी एक्का येतो: "वीस वर्सं गाडी मारतोय, काय झालं मला?" बरोबर आहे, काही झालं नाही. ज्यांना झालं ते कट्ट्यावर सांगायला येत नाहीत, दाजी.

आणि जेवणाचा विषय निघाला की, "कोल्हापूरचा माणूस तांबड्या रश्श्याला घाबरत न्हाई." बरं, आमच्या ओळखीतले एक काका अस्सल शुक्रवार पेठेतले, रश्श्याचा वास आला तरी पाणी मागतात. "मग ते खरं कोल्हापूरकरच न्हवंत!" झालं. आता हा नियम कुणीच मोडू शकत नाही, कारण मोडणाऱ्याला शहराबाहेर काढायची सोय केलेली आहे.

शहराबाहेर म्हटल्यावर हद्दवाढ, म्हणजे आजूबाजूची गावं शहरात घेणं, आलीच. 1972 साली महापालिका झाली, तेव्हापासून हे भिजत घोंगडं. हद्दवाढ म्हटलं की ऐकू येतं, "आधी शहरातले खड्डे बुजवा." काहीजण लगेच म्हणतील, बघा, विषय बदलला. मला तसं वाटत नाही. जे आहे ते सांभाळता येतं का, हा प्रश्न हद्दवाढीशी थेट जोडलेला आहे. पटो न पटो, ते कारण आहे. पण "हद्दवाढ हवी? मग तुमच्या पक्षानं सत्तेत असताना काय केलं?" हा मात्र विषय बदलणं. दोन्ही वाक्यं ऐकायला सारखीच चिडकी. फरक करायला दर वेळी एकच विचारायचं: हे खरं मानलं, तर मूळ मुद्द्याचं काही हलतं का?

हे सगळं काही नवीन नाही. ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलनं अशा फसव्या युक्तिवादांचे 13 प्रकार मोजले. आपल्याकडं गौतमाच्या न्यायसूत्रांत सदोष कारणांना हेत्वाभास म्हटलंय, त्याचे पाच प्रकार. त्यातच चर्चेचेही तीन प्रकार आहेत. खरं काय ते शोधायला करतात तो वाद. जिंकायला करतात तो जल्प. आणि स्वतःची बाजू मांडायचीच नाही, समोरच्याचं तेवढं खोडत बसायचं, ती वितंडा. तुमचा फॅमिली ग्रुप यात कुठं बसतो ते तुम्हीच ठरवा. आमचा मी ठरवलाय, सांगणार नाही, आत्या बघतात चॅनेल.

एक धोका मात्र सांगतो. ही नावं कळली की माणूस शिट्टी घेतलेल्या रेफरीसारखा सुटतो. कुणी बोललं की फाऊल! पण कारण चुकीचं दिलं म्हणून म्हणणं खोटं ठरत नाही. मामा म्हणाला, "हेल्मेट घाल, का तर मी सांगतोय म्हणून." कारण कच्चं आहे. हेल्मेट पक्कं आहे. आणि कट्ट्यावर "तुम्ही व्यक्तिगत हल्ला करताय" असं पुस्तकी बोलून बघा, चहाचं बिल तुमच्याच नावावर पडेल. त्यापेक्षा साधं म्हणा: "प्लॉटचं राहू द्या, आकडा बरोबर आहे का तेवढं सांगा."

तुमच्या ग्रुपवरचा असा एखादा नमुना खाली कमेंटमध्ये टाका, पुढच्या भागात सोडवू. फक्त नावं पुसून टाका. मला घरोघरी भांडणं लावायची नाहीत.