आपल्या गल्लीची जत्रा

नमस्कार श्रोतेहो.

संक्रांतीचं हळदीकुंकू उरकत आलं की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप हमखास फिरतो. 'यंदा आपणही जत्रा भरवूया का?' पाच-पंचवीस अंगठे वर होतात आणि काम शेवटी तिघाचौघांच्या गळ्यात पडतं. आज मी त्या तिघाचौघांशी बोलणार आहे. बाकीच्यांनीही ऐकायला हरकत नाही, थालीपीठ खायला तुम्हीच तर येणार आहात.

पुण्याला जत्रा नवी नाही. नवरात्रात चतुःशृंगीच्या पायथ्याशी पाळणे लागतात. चैत्र पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला निघतं, आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आजूबाजूला असल्या तरी. भीमथडी जत्रेत गावोगावच्या बचत गटांच्या बायका चुली पेटवतात आणि अख्खं शहर भाकरीसाठी रांग लावतं. पण त्यांची नक्कल करायला जाऊ नका. एकीकडे देव आहे, दुसरीकडे मोठी संस्था. आपल्याकडे काय आहे, तर ओळखी. म्हणून माझा आग्रह एवढाच, की स्टॉलची जाहिरात करण्याआधी आपल्याच चार गल्ल्यांत कोणाला काय येतं ते विचारून या. बाहेरचे विक्रेते भाडं आगाऊ देतात, त्यांच्यामुळे समितीचं काम सोपं होतं, सगळं खरं. पण तेच कुर्ते, तेच मोबाइलचे कव्हर शनिवारी कोथरूडला आणि रविवारी वडगावला दिसतात. त्याला सेल म्हणा, जत्रा कशाला म्हणायचं?

आता तारीख. डिसेंबर टाळा. सवाई, भीमथडी, पुस्तक महोत्सव, शिवाय लग्नं. तुमच्या गल्लीकडे कोण बघणार? फेब्रुवारीत बारावीची परीक्षा येते आणि ज्या घरात बारावी असते तिथे स्पीकर कोणालाच नको असतो. उरतो पुढचा जानेवारी. हुरडा असतो, हवा छान असते. एक ते चारचा विनोद आता शिळा झाला, पण दुपारी मैदानावर खरंच कोणी फिरकत नाही. चारला सुरू करा. सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दिवे लागतात आणि खरी गर्दी त्यानंतरच.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो. मैदान महापालिकेचं असेल तर क्षेत्रीय कार्यालय, मग पोलीस ठाणं, रस्ता अडणार असेल तर वाहतूक शाखा, मांडव असेल तर अग्निशमन दल. महिनाभर आधी अर्ज द्या आणि पोच घ्या. स्पीकर रात्री दहानंतर बंद, हा नियम 2000 सालापासून आहे. रहिवासी भागात दिवसाही मर्यादा 55 डेसिबलची. शेजारच्या आजोबांना हा आकडा तोंडपाठ असतो, हे ध्यानात ठेवा.

जत्रा घसरते ती बहुतेक वेळा विजेवर. इंडक्शनची शेगडी साधारण 2000 वॉट खाते. 16 अँपिअरच्या पॉइंटवर जेमतेम 3600 वॉट निघतात. म्हणजे एका पॉइंटवर दोन शेगड्या पुऱ्या चालल्या की बटण पडलंच, आणि तेही वडे अर्धे तळून झालेले असताना. म्हणून स्टॉलच्या अर्जातच विचारा, काय काय लावणार आणि किती वॉटचं. त्याची बेरीज घेऊन महावितरणकडे तात्पुरती जोडणी मागा. सोसायटीच्या मीटरमधून वायर ओढायचा मोह आवरा. वायरी जमिनीवरून नकोत, बांबूंवरून न्या. गॅस वापरणाऱ्यांचे सिलिंडर उभे हवेत आणि लोकांच्या वाटेत नकोत. अग्निशमनची गाडी थेट आत येईल एवढी एक वाट शेवटपर्यंत मोकळी ठेवा. तिथे 'फक्त एकच टेबल' लावायला कोणीतरी येईलच. नाही म्हणा.

आता माझा आवडता भाग. तुम्हाला एकच स्टॉल फुकट द्यायचा असेल तर तो कल्हईवाल्याला द्या. आमच्या जत्रेत सगळ्यात मोठा घोळका त्याच्याभोवती होता. तांबट आळीचं शहर आपलं, पण कल्हई लावताना पाहिलेली मुलं किती सापडतील? आठ दिवस आधी घरोघर निरोप दिला होता, त्यामुळे माळ्यावरची पितळी पातेली खाली उतरली होती. निखाऱ्यांवर पातेलं तापलं. त्याने नवसागराची चिमूट आत टाकली, पांढरा धूर उठला. मग कथलाची कांडी तळाला टेकवली आणि कापसाचा बोळा गर्रकन फिरवला. काळपट पितळ बघता बघता चंदेरी झालं. पातेलं पाण्यात बुडवल्यावर जो चर्र आवाज आला, त्यावर पोरांनी 'परत, परत' असा गलका केला, जसा काही जादूचा प्रयोगच चाललाय. दोन आज्यांचा तिथेच वाद जुंपला, चिंच घातलेली आमटी पितळेत करायची की नाही यावर. कल्हई असेल तर चालते, असा निकाल लागला.

फक्त त्याची भट्टी वाऱ्याची दिशा बघून एका कडेला मांडा, धूर खाण्याच्या स्टॉलकडे जायला नको. आणि त्याला दिवसाच्या मजुरीची हमी द्या. भांडी कमी आली तर फरक समितीने भरायचा. धार लावणारा, छत्री दुरुस्त करणारा, पर्सची चेन बदलून देणारा, यांनाही तसंच बोलवा. भाडं घ्यायचं ते खाण्याच्या स्टॉलकडून. वीज आणि कचरा त्यांचाच जास्त.

कचऱ्यावरून आठवलं. रोज आपल्या दारी येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंना आधीच विश्वासात घ्या आणि त्या दिवसाचे वेगळे पैसे ठरवा. ओलं-सुकं वेगळं करायला प्रत्येक डब्याशी एक आठवी-नववीतलं पोरगं उभं करा. ही पोरं मोठ्यांना असं काही दटावतात की फलकाची गरजच राहत नाही.

मग येतो खुर्च्यांचा विषय. तो निघाला की समितीत कोणीतरी म्हणणारच, 'तेवढ्यात अजून सहा स्टॉल बसतील.' ऐकू नका. खुर्च्या मधोमध आणि चहाच्या जवळ मांडा, कडेला नव्हे. जत्रेला येणाऱ्यांत बरेच जण काहीच विकत घेत नाहीत. बसतात, कोण कोणाची सून ते विचारतात, दुसऱ्यांच्या नातवंडांवर नजर ठेवतात. तेवढ्यात त्या नातवंडांची आई निवांत फिरून येते. लहान मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी मात्र घालाच, आणि हरवलेलं मूल कुठे आणायचं ते दर अर्ध्या तासाने पुकारा.

येणाऱ्यांनी कापडी पिशवी आणि पाण्याची बाटली आणावी. थोडी नाणीही आणा, कारण गर्दीत यूपीआयचं चक्र फिरत बसतं. पहिल्या फेरीत नुसतं बघा, खा दुसऱ्या फेरीत. आणि शेजारच्या मुलीने केलेल्या वीस रुपयांच्या कानातल्यांसाठी घासाघीस करू नका हो, ती रविवारभर मणी ओवत बसली होती.

जत्रा संपली की स्टॉलवाल्यांची अनामत त्याच रात्री परत करा. आठ दिवसांत जमाखर्च लिहून फलकावर लावा, घाटा आला असेल तरी. मांडववाल्याचे शेवटचे पैसे देण्याआधी बांबूंचे खड्डे त्याच्याकडून बुजवून घ्या. पोरांचा क्रिकेटचा डाव सकाळी लवकर सुरू होतो.

नमस्कार.