सूर्य गिबोनवर का थांबला?

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘देवाचे विश्वासूपण’. त्याकडे येतोच, पण आधी बायबलमधल्या गिबोनला, कनान देशातल्या एका नगराला जाऊ. यहोशवाच्या पुस्तकाचा नववा अध्याय आपल्या उपदेशांत फारसा येत नाही, ही माझी जुनी खंत आहे.

सूर्य थांबल्याची गोष्ट संडे स्कूलच्या लेकरालाही पाठ असते. कशासाठी थांबला, असं विचारलं की मोठी माणसं एकमेकांकडे बघतात. आत्ता बघितलंत तसंच!

इस्राएल कनान जिंकत येत होता, तेव्हा जिवाच्या भीतीनं गिबोनी लोकांनी इस्राएलाला चक्क फसवलं. फाटकी गोणपाटं, ठिगळाच्या वहाणा, वाळून भुगा झालेली भाकरी घेऊन आले आणि म्हणाले, आम्ही फार दूर देशाहून आलो. चंदगडच्या माणसानं बेळगावात येऊन असं सांगावं, तसंच हे! पुढाऱ्यांनी शिदोरी तपासली, परमेश्वराला मात्र विचारलं नाही आणि त्यांना जिवंत ठेवण्याची शपथ वाहिली. तीन दिवसांनी कळलं, हे तर शेजारीच. लोक चिडले. फसवून घेतलेली शपथ कसली पाळायची? पण पुढारी म्हणाले, परमेश्वराच्या नावानं शब्द दिलाय, यांना हात लावता येणार नाही. पाणक्ये आणि लाकूडतोडे केले, पण जिवंत ठेवलं. पुढे पाच राजे गिबोनवर चालून आले, तेव्हा इस्राएलाचा पुढारी यहोशवा गिलगालाच्या छावणीतून रात्रभर चालत त्यांना वाचवायला गेला. सूर्य थांबला तो त्या लढाईत. शब्दाला जागायला निघालेल्यांसाठी तो दिवस लांबला, असं मी वाचतो.

आता आपलं बघू. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत बिल द्यावं, असं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. बिल थकलं की आपण मोर्चाला जातो, जायलाच हवं. पण भांगलणीला आलेल्या बायकांना आपण काय सांगतो? ‘कारखान्याचं आलं की देतो.’ अहो, त्या बायकांना शब्द कारखान्यानं दिला होता का? स्वतःचं नुकसान झालं तरी जो शपथ मोडत नाही, तो परमेश्वराच्या मंडपात राहील, असं स्तोत्र 15 सांगतं. ते वाचताना मला धडकी भरते.

आणि पुढच्या काळातला इस्राएलाचा शौल राजा! त्यानं त्याच गिबोन्यांना मारलं, तेही ‘इस्राएल व यहूदा यांच्याविषयीच्या आवेशानं’. सीमाभागात राहणाऱ्या आपण हे शब्द सावकाश वाचावेत. 1956 पासूनचं दुःख मीही घरात ऐकतच वाढलो. आपल्या माणसांवर प्रेम करू नका, असं कोण म्हणेल? पण त्या आवेशात परक्याला दिलेला शब्द मोडला गेला आणि त्यापायी पुढच्या दावीद राजाच्या काळात तीन वर्षं दुष्काळ पडला.

पाळकसाहेब घड्याळ दाखवताहेत. मुख्य मुद्दा घाईतच सांगावा लागणार.

उत्पत्ति 15 काढा. त्या काळी करार करताना जनावरं कापून समोरासमोर ठेवत आणि शब्द देणारा मधून चालत जाई: मोडला तर माझंही असंच होवो. देवानं अब्रामाला, म्हणजे पुढच्या अब्राहामाला, संतती आणि देश देण्याचा शब्द दिला होता; अब्रामानं सगळी मांडणी केली, पण त्याला गाढ झोप लागली. तुकड्यांमधून गेली ती धुमसती भट्टी आणि जळती मशाल, देवाचीच खूण. अब्राम चाललाच नाही! कराराचा भार देवानं एकट्यानं घेतला. नंतर अब्राहामानं देवाची वाट न बघता दासी हागारेपासून मूल करून घेतलं, गरारात बायकोला बहीण म्हणून सांगितलं, तरी त्याच्या शंभराव्या वर्षी वचनाचा मुलगा इसहाक झालाच. प्रेषित पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला लिहितो, आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, कारण त्याला स्वतःला नाकारता येत नाही. आणि करार आपण मोडला असताना वधस्तंभावर गेला तो ख्रिस्त. समोरचा खरा निघाला तरच माझा शब्द खरा, हा हिशेब आपला आहे, देवाचा नाही.

घरी गेल्यावर नहेम्या 3:7 जरूर वाचा. यरुशलेमेचा पडलेला तट बांधायला जी माणसं आली, त्यांत गिबोनची माणसं आहेत.