पेंडिंग आठ

(दृश्य: एम. जी. रोड, नाशिक. दुरुस्तीच्या टेबलावर उघडा कॉम्प्युटर.)

ही एक टीबीची हार्ड डिस्क पिंपळगाव बसवंतच्या एका वजनकाट्यावरून आली आहे. कांद्याच्या अख्ख्या हंगामाच्या काटापावत्या हिच्यात आहेत. तक्रार नेहमीचीच: पावती छापताना मशीन मिनिटभर अडकतं, मग काही झालंच नाही असं चालू होतं. सोबत नेहमीची विनंतीही आली आहे, ‘भाऊ, फॉरमॅट मारून द्या.’

फॉरमॅट मारायचा नाही. निदान आत्ता तरी नाही. क्विक फॉरमॅट फक्त कुठली फाइल कुठे आहे ते सांगणारी कोष्टकं नवी करतो, चकतीचा पृष्ठभाग तपासतच नाही. पावत्या जातात आणि खराब जागा तिथेच राहते.

मशीन अडकण्याचं कारण आधी पाहू. डिस्क माहिती छोट्या ठरावीक तुकड्यांत, म्हणजे सेक्टरांत, ठेवते आणि प्रत्येक सेक्टरसोबत चूक सुधारणारा कोड लिहिते. वाचताना तो जुळला नाही की ती तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहते. चकती मिनिटाला ७२०० फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीला साधारण ८ मिलिसेकंद. अशा शेकडो फेऱ्या वाया गेल्या की माऊस गोठतो. तरीही जमलं नाही तर डिस्क त्या सेक्टरला ‘पेंडिंग’ ठरवते. बदली जागा तिच्याकडे राखीव असते. पण जुनी माहिती हाती लागल्याशिवाय ती सेक्टर परस्पर बदलत नाही. ती कधी वाचता आली, किंवा त्या जागेवर कोणी नवं काही लिहिलं, की मगच निर्णय होतो.

(दृश्य: पडद्यावर स्मार्टसीटीएलचा तक्ता.)

स्मार्टसीटीएल डिस्कने स्वतःच ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदी दाखवतं. त्या तक्त्यात चार ओळी बघायच्या. ५ क्रमांकाची ओळ बदललेले सेक्टर दाखवते आणि १९७ पेंडिंग. १९८ मध्ये डिस्कला स्वतःच्या तपासणीत न वाचता आलेले सेक्टर असतात. १९९ म्हणजे केबलमधून जाता-येता बिघडलेली माहिती. ती वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल बदला. जुना आकडा तसाच राहतो, पण पुढे वाढायचा थांबतो.

नाशिकमध्ये पूर आला की लोक क्युसेकचा आकडा नंतर विचारतात, आधी विचारतात, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं? त्यातही गुडघ्यापेक्षा महत्त्वाचं असतं ते तासाभरात किती चढलं. १९७ ची ओळ तशीच वाचायची. काट्यावरच्या डिस्कचं पेंडिंग काल संध्याकाळी १६ होतं, आज सकाळी ४० आहे. पाणी चढतंय. या डिस्कवर चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणी, चालवणं म्हणजे लंगड्या बैलाला नांगराला जुंपणं.

म्हणून आधी नक्कल. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करायचं आणि खराब डिस्कची नक्कल काढणाऱ्या डीडीरेस्क्यूने दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. पहिल्या फेरीत ‘डॅश एन’, म्हणजे जे सहज वाचता येतं तेवढं घे, अडेल तिथे रेंगाळू नको. दुसऱ्या फेरीत ‘डॅश डी’ आणि ‘डॅश आर ३’, अडलेल्या जागांवर आणखी तीन प्रयत्न. दोन्ही वेळा मॅपफाइल, म्हणजे कुठवर वाचून झालं त्याची नोंद, तीच द्यायची. ती विसरलात तर लाइट गेल्यावर सगळं पहिल्यापासून. सेकंदाला १०० एमबीचा वेग मिळाला तर एक टीबीला पावणेतीन तास लागतात. खराब जागा लागली की हा हिशोब कोलमडतो.

नक्कल झाल्यावर चेकडिस्क स्लॅश आर, तेही नकलेवर. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाइली मांडायची पद्धत (फाइल सिस्टिम), खराब क्लस्टरांची (सेक्टरांच्या गटांची) नोंद डॉलर-बॅडक्लस या लपलेल्या फाइलमध्ये ठेवतं. गंमत अशी, की नक्कल करताना ही नोंदही सोबत येते. नवी कोरी डिस्क ‘बॅड सेक्टर’ दाखवते आणि गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडतं. अशा वेळी चेकडिस्क स्लॅश बी. ते नोंदवलेले क्लस्टर पुन्हा तपासून चांगले असतील ते मोकळे करतं.

(दृश्य: दुसरी डिस्क, शेजारी बंद पडलेला यूपीएस.)

ही दुसरी डिस्क लिनक्सची, फाइल सिस्टिम ईएक्सटी४. पेंडिंग ८, आठवडाभर ८ च. स्मार्टसीटीएलची लाँग टेस्ट, म्हणजे सगळी डिस्क वाचून पाहणारी चाचणी, ४,१०,७९,८११ या सेक्टरला थांबली. ही जागा कोणत्या फाइलची, ते कागदावर काढता येतं. पार्टिशन (डिस्कचा फाइलींसाठी आखलेला भाग) २०४८ पासून सुरू होतं, ते वजा केलं: ४,१०,७७,७६३. फाइल सिस्टिमचा एक ब्लॉक ४०९६ बाइटचा, म्हणजे ५१२ बाइटचे आठ सेक्टर. आठने भागलं, ब्लॉक ५१,३४,७२०, बाकी ३. डीबगएफएस या लिनक्सच्या साधनात आयचेकला हा ब्लॉक दिला की आयनोड, म्हणजे फाइलचा आतला क्रमांक, मिळतो, एनचेकला आयनोड दिला की फाइलचं नाव. इथे निघाली एक जुनी लॉग फाइल. गेली तरी कोणी रडणार नाही.

मग पार्टिशन अनमाउंट करून (वापरातून काढून) डीडी या कमांडने त्या ब्लॉकवर शून्यं लिहायची. ब्लॉक साइझ ४०९६, काउंट १, सीक ५१३४७२०, लक्ष्य एसडीए१ (म्हणजे पार्टिशन), आणि ओफ्लॅग डायरेक्ट, म्हणजे मधे न साठवता थेट डिस्कवर. इथे दोन चुका हमखास होतात. लक्ष्य एसडीए१ ऐवजी एसडीए (अख्खी डिस्क) दिलं, तर भलतीच जागा पुसली जाते. आणि फक्त ५१२ बाइट लिहायला गेलं, तर डिस्क ते लिहीतच नाही. आतला खरा सेक्टर ४०९६ चा आहे. उरलेले सात तुकडे जपायला तिला आधी तोच खराब सेक्टर वाचावा लागतो. पेंडिंग ८ दिसत होतं तेही यामुळेच: सेक्टर एकच, मोजणी आठची.

लिहून झालं. पेंडिंग ०. आणि ५ क्रमांकाची ओळ? तीही ०. म्हणजे पृष्ठभाग शाबूत होता; लिहिता लिहिता वीज गेली आणि कोड अर्धवट राहिला. दोष यूपीएसच्या बॅटरीचा.

मग फाइल सिस्टिममध्ये खूण करून जागा वगळायची कधी? लिहूनही जागा सुधारत नाही आणि डिस्क बदली जागाही देत नाही, तेव्हा. तीही फक्त बिनमहत्त्वाच्या डेटाची डिस्क असेल तर. ई२एफएसके या ईएक्सटी४ तपासणाऱ्या साधनाला ‘डॅश सीसी’ दिलं, की ते माहिती न पुसता लिहून-वाचून तपासतं आणि खराब ब्लॉक आयनोड १ च्या यादीत टाकतं. यादी पाहायला डंपई२एफएस डॅश बी. बॅडब्लॉक्स हे खराब ब्लॉक शोधणारं साधन वेगळं चालवून यादी नंतर भरायची असेल, तर ब्लॉक साइझ ४०९६ सांगायलाच हवी. ते न सांगता १०२४ धरतं, आकडे चौपट येतात आणि धडधाकट ब्लॉक वगळले जाऊन खराब ब्लॉक वापरात राहतो. ‘डॅश डब्ल्यू’ला तर हातच लावू नका, ते सगळी डिस्क पुसतं.

चकती नसलेल्या एसएसडीला अशी खूण लागू नाही. तिथे क्रमांक तोच राहतो, आतली जागा सारखी बदलते. खुणेला अर्थ उरत नाही.

(दृश्य: डिस्कवर चिकटवलेली पट्टी, मार्करने लिहिताना.)

लिनक्सच्या डिस्कवर तारीख आणि दोन आकडे: पाच, शून्य, एकशे सत्त्याण्णव, शून्य. पुढच्या सोमवारी पुन्हा लाँग टेस्ट. काट्यावरच्या डिस्कला पट्टी नाही. तिच्या पावत्या नव्या डिस्कवर उघडून पाहिल्या, दोन फाइली सोडून सगळ्या वाचता आल्या. ती आता भंगाराच्या खोक्यात.