काकी आणि १ एप्रिल १९५७

नमस्कार श्रोतेहो. देवगड तालुक्यात आमच्या शेजारी एक काकी होती. जन्म मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीतला, १९१८ चा. शाळेत गेली असती तर मास्तरांनी १ जून लावून टाकला असता. गेली नाही, म्हणून साथ हीच तिची जन्मतारीख. घर जागचं हललं नाही, पत्ता मात्र बदलत राहिला. आधी मुंबई इलाखा, मग मुंबई राज्य, १ मे १९६० ला महाराष्ट्र, १ मे १९८१ ला रत्नागिरीचा सिंधुदुर्ग. पण काकीच्या मते देशात मोठी गोष्ट एकच घडली. नवे पैसे आले. तारीख १ एप्रिल १९५७.

आता नीट ऐका. सोळा आण्यांच्या रुपयाचे झाले शंभर नवे पैसे. म्हणजे आण्याला सव्वासहा. पाव पैशाचं नाणं कुठलं? म्हणून कोष्टक निघालं : एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना पंचवीस. पुन्हा सांगतो, एका आण्याला सहा, चार आण्यांना पंचवीस.

काकीला अक्षर येत नव्हतं, हिशेब येत होता. चार आण्यांची साखर हवी होती. मला म्हणाली, "एकदम घेतलंस तर पंचवीस, येकेक आण्याची घेतलंस तर चोवीस. जा." गेलो. सहा पैसे, पुडी, घरी. परत दुकान. चौथ्या खेपेला वाणी समजला. म्हणाला, "काकीक सांग, दर खेपेक पाव पैसो ऱ्हवलो. वहीत मांडून ठेवतंय."

निरोप मिळताच काकी पदर खोचून दुकानात. हात पुढे करून म्हणते, "पाव पैसो कसो असता तो दाखव. दाखवलंस काय लगेच देतंय." गिऱ्हाइकं हसायला लागली, वाणी उगाच गल्ला चाळत बसला. हल्ली सुट्ट्यांऐवजी हातावर चॉकलेट ठेवतात आणि आपण गुपचूप खिशात टाकतो! काकीने ती साठवून त्यांनीच बिल भरलं असतं.

तर त्याच दिवशी, १ एप्रिल १९५७ ला, कूळ कायद्यातला कृषक दिन होता. दुसऱ्याची जमीन कसणारं कूळ त्या दिवसापासून त्या जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. कूळ म्हणून नाव काकीच्या नवऱ्याचं, तो मुंबईला गिरणीत, चिखलात काकी. कुणगा, म्हणजे भातशेतीचा तुकडा, आपला होतोय याचा तिला पत्ताही नव्हता. पुढे त्या कायद्याच्या कलम बत्तीस-ग ची नोटीस आली, जमिनीची किंमत ठरली. कचेरीतला कारकून म्हणाला, एकदम भरा, नाहीतर वर्षाच्या हप्त्यांनी.

काकीचा प्रश्न तयार. "थोडे थोडे भरले तर किती वाचतले?"

"वाचतले कसले? वर व्याज पडतला."

काकीने कमरेची पिशवी सोडली. "मगे घे एकदम. आणि मोजून घे, पाव पैसो ऱ्हवलो म्हणून मागसून सांगा नको."