‘लाभार्थी उपलब्ध नाहीत’

(नागपुरात डिसेंबरमध्ये झालेल्या पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित भाग)

ओळख करून देताना ताईंनी मला समाजसेवक म्हटलं. तसं काही नाही हो. मी तेहतीस वर्षं स्थानिक निधी लेखापरीक्षेत काढली. म्हणजे जो आला की नगरपरिषदेतला चहा कडू लागतो, तो माणूस. कायद्याकडेही मी तसाच बघतो. पैसा कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे, खर्च कोणी करायचा, आणि नाही केला तर कोणाला विचारायचं?

सध्या अधिवेशनाचे दिवस आहेत. यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघतात, त्यांत तीनचाकीवरची माणसं असतात, आणि मागणी असते मानधन वाढवा. मागणी रास्तच आहे. पण मुंबईहून यायच्या पैशाकडे डोळे लावताना आपल्याच गावच्या वहीतला पैसा बघायचा राहून जातो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांनी आपल्या स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे आणि खर्चायचे, असा शासनाचा आदेश आहे. पूर्वी ३ टक्के होते. नगरपालिका-महापालिकांनाही अशीच तरतूद करावी लागते. स्वउत्पन्न म्हणजे तुम्ही भरलेली घरपट्टी, गाळ्यांचं भाडं, आठवडी बाजाराची वसुली. तुमचाच पैसा.

नोकरीत असताना एका नगरपरिषदेत गेलो होतो, नाव घेत नाही. हा निधी तीन वर्षं अखर्चित. टिपणीत एकच वाक्य, तिन्ही वर्षं, शब्दही बदललेला नाही: ‘लाभार्थी उपलब्ध नाहीत.’ मी चहाला बाहेर आलो. त्याच कार्यालयाच्या पायरीशी कुबड्या बाजूला ठेवून एक माणूस लोकांचे अर्ज लिहून देत बसला होता, दहा रुपयांना एक. त्याला विचारलं, इथल्या निधीसाठी स्वतःचा अर्ज कधी केला का? तो म्हणाला, “असा काही निधी हाये, हेच कोणी सांगतलं नाही साहेब.”

मी आक्षेप लिहिला. पुढच्या वर्षी अनुपालन आलं, म्हणजे आक्षेपावर काय केलं त्याचं उत्तर. ३१ मार्चच्या तारखेला शिलाई मशीन खरेदी, वाटपाची यादी सोबत. यादीत तोही होता. दोन्ही पाय पोलिओने गेलेल्या माणसाला पायाने चालवायचं मशीन! कागद मात्र चोख होता. आक्षेप वगळण्यात आला. सही माझी.

ते मशीन त्याने विकलं. बरं केलं.

आता कायदा. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यात एकवीस आहेत. शब्दावर भांडू नका, आमच्याकडे अजून अपंगच म्हणतात आणि ऐकणारालाही ते कळतं. या कायद्यातलं कलम ८६ मला सगळ्यांत आवडतं, कारण ते हिशेबनिसाचं कलम आहे. त्यात राष्ट्रीय निधी आहे, आणि त्या निधीत एक गमतीचा पैसा येतो. बँका कर्जदारांकडून व्याजकर घ्यायच्या. घेताना आकडा वरच्या बाजूला पूर्ण करायच्या, म्हणजे थोडं जास्तच घ्यायच्या. एका खात्यावर थोडीशी रक्कम, कोण भांडणार? पण लाखो खाती, कित्येक वर्षं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आता हा पैसा परत कोणाला द्यायचा, कर्जदार कुठे शोधायचे? १६ एप्रिल २००४ ला न्यायालयाने सांगितलं, तो दिव्यांगांसाठीच्या निधीत जमा करा. २००६ मध्ये त्यासाठी न्यास झाला, आणि पुढे कायद्याने या निकालाचा अपील क्रमांकासकट उल्लेख करून तो पैसा राष्ट्रीय निधीत घेतला. चिल्लर कुठे जाते याची चौकशी झाली, म्हणून निधी उभा राहिला.

कलम २४ मात्र नीट वाचा. सामाजिक सुरक्षेच्या योजना सरकारने करायच्या, पण ‘आर्थिक क्षमता आणि विकास यांच्या मर्यादेत’. ही पळवाट आहेच. तिच्याच खाली एक वाक्य आहे ज्याला पळवाट नाही: इतरांसाठी तशीच योजना असेल, तर दिव्यांगांना तिच्यापेक्षा किमान २५ टक्के जास्त द्यायचं. आता हिशेब करू. २०२३ मध्ये संजय गांधी निराधार योजनेची रक्कम १,५०० रुपये झाली, विधवांना तेवढीच, दिव्यांगांनाही तेवढीच. कायद्याप्रमाणे १,८७५ हवेत. महिन्याला ३७५ कमी, वर्षाला ४,५००. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २,५०० झाले, तेव्हा हा खड्डा भरला. केंद्राचा हिस्सा बघा. विधवा निवृत्तिवेतन ३००, दिव्यांग निवृत्तिवेतनही ३००, आणि तेसुद्धा अपंगत्व ८० टक्के असेल तरच. ३०० चे सव्वापट म्हणजे ३७५. पंच्याहत्तर रुपयांचा प्रश्न आहे, पण मी लेखापरीक्षक असतो तर यावर आक्षेप लिहिला असता.

आपल्या विदर्भाचं एक दुखणं सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. इथे निम्म्या लोकांच्या घरात किंवा ओळखीत कोणी ना कोणी असेल. तो त्या एकवीसांत आहे, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाबरोबर. मेयो, मेडिकल या इथल्या सरकारी रुग्णालयांत खेटे घालून मुलाला ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, तर कलम ३२ खाली सरकारी वा अनुदानित उच्च शिक्षणसंस्थेत ५ टक्के राखीव जागांसाठी तो पात्र. शिकला, पास झाला. मग सरकारी नोकरीचं ४ टक्के आरक्षण बघायला कलम ३४ उघडतो. तिथे अंध आहेत, कर्णबधिर आहेत, अस्थिव्यंग आहेत, स्वमग्न, मनोरुग्ण आहेत. रक्ताचे आजार नाहीत. दार वर्गाचं उघडलं, कचेरीचं नाही. आणि या आजाराचं दुखणं कसं, एकदम येतं, चार दिवस माणूस अंथरुणात, पाचव्या दिवशी धडधाकट दिसतो. त्याची टक्केवारी काढणाऱ्या डॉक्टरचीही मला दया येते.

रॅम्प, लिफ्ट यांवर आज बोलत नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली, आपण ज्या जिन्याने वर आलो तो तुम्ही पाहिलाच आहे.

मघाशी चहाच्या वेळी एका आईने विचारलं, “आमी गेल्यावर याले कोण पाहीन?” ताई, याचं सगळं उत्तर कायद्यात नाही. थोडं आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. मूल अठराचं झालं की आईबापही आपोआप पालक राहत नाहीत, हे बँकेत गेल्यावर कळतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे करायचा. याच न्यासाची ‘निरामय’ नावाची एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, तिचीही चौकशी करा.

आता कामाचं. अंदाजपत्रकं जानेवारी-फेब्रुवारीत आकार घेतात, मार्चमध्ये गेलात तर शिलाई मशीनच मिळेल. आत्ताच माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: मागच्या तीन वर्षांचं स्वउत्पन्न किती, त्याचे ५ टक्के किती, खर्च कशावर आणि कोणावर. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प मी आणले आहेत. कामठी, हिंगणा, उमरेडकडचे लोक आधी या, तुमच्या गाड्या लवकर आहेत. अर्ज लिहून द्यायला मागच्या टेबलावर तो बसला आहे, पायरीवरचा. दर आता वीस रुपये झाला आहे, घासाघीस करू नका.