ठेका कुणाचा, गाणं कुणाचं

श्रोतेहो, नमस्कार. 2015 साली कॅनडाचा रॅपर-गायक ड्रेक याचं 'हॉटलाइन ब्लिंग' हे गाणं जगभर गाजलं. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. घरातल्या तरुण मंडळींना नुसता सुरुवातीचा ठेका ऐकवा, बरेच जण लगेच ओळखतील. पण तो ठेका आहे 1972 सालचा, टिमी थॉमस यांच्या गाण्यातला.

थॉमस मायामीचे सोल गायक. सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची भावपूर्ण गायकी. व्हिएतनाम युद्धात मेलेल्यांचे आकडे बातम्यांमध्ये ऐकून ते अस्वस्थ झाले आणि त्यांनी 'व्हाय कान्ट वी लिव्ह टुगेदर' हे गाणं लिहिलं. ध्वनिमुद्रणाला ना गिटारवाला होता, ना ड्रमवाला. एक ऑर्गन, त्याच्या जोडीला ठेका धरणारं छोटं यंत्र आणि थॉमस यांचा आवाज, बस्स! शब्द सुरू व्हायलाही बराच वेळ लागतो. तोवर ते यंत्र आपलं टिकटिक करत राहतं, ऑर्गन मध्येच कळवळून उठतो. मग थॉमस गातात, की आता युद्ध पुरे, रंग कुठलाही असो, आपण एकत्र का राहू शकत नाही? 1973 मध्ये हे गाणं अमेरिकेच्या पॉप यादीत तिसरं आलं होतं.

ड्रेकच्या गाण्यात दुरावलेल्या प्रेयसीबद्दलची तक्रार आहे. गाणं मला आवडतं. जुन्या मुद्रणातला तो एकटेपणा त्यात बरोबर उतरलाय. शिवाय गीतकारांमध्ये थॉमस यांचं नाव आहे, आणि हे मला फार मोलाचं वाटतं.

कारण सगळ्यांच्या वाट्याला हे येत नाही. 1969 साली 'द विन्स्टन्स' या बँडच्या एका तबकडीच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाची धून होती. त्यात ग्रेगरी कोलमन यांनी जेमतेम सहा-सात सेकंद एकट्याने ड्रम वाजवले. तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. हिप-हॉपवाल्यांनी उचलला, लंडनच्या 'जंगल' नावाच्या वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा तर तो कणाच झाला. कोलमन यांना त्याचा एक पैसा मिळाला नाही. 2006 मध्ये अटलांटात ते बेघर अवस्थेत वारले. ज्यांच्या हातांवर एवढं संगीत उभं राहिलं, त्यांची ही गत व्हावी, याचा मला राग येतो.

थॉमस 2022 मध्ये गेले. आज आपण आधी त्यांचं गाणं ऐकणार आहोत, पूर्ण, मध्ये न तोडता. ड्रेक त्यानंतर.