साक्षीदार, चष्मा आणि ओळख परेड

मघाशी मी बोलायला उठण्याआधी एक गृहस्थ टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवून गेले. त्यांच्या चष्म्याची फ्रेम कोणत्या रंगाची होती? काळी म्हणणाऱ्यांनी हात वर करा. बारा-तेरा. सोनेरी? चार. बरं, त्या गृहस्थांना नंतर आत बोलावू.

फॉरेन्सिक मानसशास्त्र, म्हणजे तपासाच्या आणि कोर्टाच्या कामी येणारं मानसशास्त्र, म्हटलं की लोक मला सीरियल किलरबद्दल विचारतात. मालिकांची कृपा. नाहीतर नार्कोबद्दल, म्हणजे गुंगीचं औषध देऊन बोलतं करण्याबद्दल. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच, सेल्वी खटल्यात सांगितलंय, की संमतीशिवाय नार्को नाही, खोटं पकडायचा पॉलीग्राफ नाही आणि मेंदूच्या लहरी तपासणारं ब्रेन मॅपिंगही नाही. माझ्या मते आरोपीच्या डोक्यात शिरण्यापेक्षा या शास्त्राचा खरा उपयोग साक्षीदारापाशी आहे. त्याला जे आठवतंय ते न विस्कटता बाहेर काढायचं, बस्स.

आणि ते फार पटकन विस्कटतं. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता? इतरांना विचारताना फक्त क्रियापद सौम्य केलं. आठवड्याने सगळ्यांना एकच प्रश्न : फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. तरी ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण ‘हो’ म्हणाले. सौम्य शब्दवाल्या ५० जणांपैकी ७.

आता हेच ओळख परेडला, म्हणजे साक्षीदाराने रांगेतून आरोपी ओळखायच्या चाचणीला, लावून बघा. कारागृहातली खोली, भिंतीशी रांगेत माणसं, समोर बहुधा नायब तहसीलदार आणि दोन पंच. साक्षीदार दाराबाहेर घाम पुसतोय. त्याच्या मनात एकच हिशेब असतो, की एवढ्या लांब बोलावलंय म्हणजे चोर आत असणारच. मालपास आणि डिव्हाइन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हेच तपासलं. खरा माणूस रांगेत ठेवलाच नाही. ‘तो यात आहे’ अशा थाटात सूचना दिली, तर ७८ टक्के साक्षीदारांनी कुणा ना कुणाकडे बोट दाखवलं. ‘तो यात असेल किंवा नसेलही’ एवढं सांगितल्यावर हाच आकडा ३३ टक्क्यांवर आला. एका वाक्याचा फरक!

मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमधले नियम वाईट नाहीत. एका आरोपीसाठी रांगेत किमान अर्धा डझन माणसं हवीत, तीही दिसायला मिळतीजुळती, आणि पोलिसांनी खोलीत थांबायचं नाही. आरोपीने रांगेत हवी ती जागा घ्यायची. पण त्याला जागा निवडायला सांगतो कोण? परेड घेणारा अधिकारीच. म्हणजे आरोपी कोण हे त्याला ठाऊक असतं. साक्षीदार तिसऱ्यापाशी रेंगाळला की अधिकाऱ्याचा नुसता श्वास बदलला तरी पुरतं. म्हणून मानसशास्त्रज्ञ म्हणतात, परेड घेणाऱ्यालाही आरोपी माहीत नसावा. आपल्याकडे हे अवघड आहे असं मला सांगतात. मला तरी ते फक्त गैरसोयीचं वाटतं.

सर्वांत वाईट म्हणजे नंतरची शाबासकी. ‘बरोब्बर ओळखलंत!’ वेल्स आणि ब्रॅडफील्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये, प्रयोगात, चुकीचा माणूस निवडलेल्यांनाच असं सांगितलं. त्यांची खात्री तर वाढलीच, वर आपण त्याला नीट पाहिलं होतं, लक्ष देऊन पाहिलं होतं, असंही त्यांना वाटू लागलं. पुढे दोन-तीन वर्षांनी तोच साक्षीदार पिंजऱ्यातून ठामपणे बोट दाखवतो. परेड हा पूरक पुरावा, खरी ओळख कोर्टातली, असं कायदा मानतो. आणि न्यायाधीशांना दिसतो तो हा ठामपणा. म्हणून साक्षीदाराने ओळखलं त्याच क्षणी, कुणी काही बोलायच्या आत, ‘किती खात्री आहे?’ असं विचारून त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या.

हं, या दादा, आत या. बघितलंत? चष्मा नाहीच. अहो, ओशाळू नका, तुम्ही खोटं बोलला नाहीत. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा मी चढवला, प्रश्नातून. दादा, आणखी एक ग्लास पाणी मिळेल का? तोवर प्रश्न घेऊ.